ठणका थांबतो तेव्हा...

दाढदुखीचा घराघरांत एक ठरलेला क्रम असतो. दिवसा ती फारशी त्रास देत नाही. रात्री जेवणे आटोपून, अंथरुणे घालून उशीला डोके टेकले, की ठणका सुरू होतो. मग सारे घर जागे होते. आजी लवंग शोधू लागते, कोणी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगतो, कोणी मागच्या आजारपणात उरलेल्या गोळ्यांचा डबा उघडतो. सकाळी दाताच्या डॉक्टरांकडे जायचे ठरते. डॉक्टर एक्स-रे काढतात आणि सांगतात, "दाढ काढायची गरज नाही, पण रूट कॅनाल करावे लागेल." दोन-तीन खेपा आणि काही हजार रुपये! घरी परतल्यावर बैठक भरते. मावशीला फार दुखले होते, शेजारच्या काकांची रूट कॅनाल केलेली दाढ वर्षात तुटली, त्यापेक्षा एकदाची काढून टाकावी, असे एकेक ठराव मांडले जातात. निर्णय काही होत नाही. आणि अशात चार-पाच दिवसांनी ठणका आपोआप थांबतो.

सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. डॉक्टरांना दिलेली वेळ रद्द होते. "बघा, उगाच पैसे गेले असते," असे कोणीतरी म्हणतेच.

रूट कॅनालविषयी आपल्याकडे पुष्कळ भीती आहे आणि त्याहून अधिक गैरसमज आहेत. त्यांतला सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच, की दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले. ताप उतरला, मुरगळलेला पाय दुखेनासा झाला, तर आपण बरे झालो असे मानतो आणि ते बहुधा खरेही असते. दाढेच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटा पडू शकतो. तो का, हे समजायचे तर दाताच्या आत डोकवायला हवे.

बंद खोलीतली सूज

दात म्हणजे एक पांढरा दगड, अशी आपली समजूत असते. वरचे कवच खरोखरच तसे आहे. त्याला इनॅमल म्हणतात. मानवी शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजांचा. त्याखाली डेंटिनचा थर असतो. तो हाडासारखा, पण अतिशय सूक्ष्म नलिकांनी भरलेला. आणि या दोन भिंतींच्या आत, दाताच्या गाभ्यात, एक छोटी पोकळी असते. तिच्यात मऊ, जिवंत गर असतो. डॉक्टर त्याला पल्प म्हणतात, मराठी पुस्तकांत दंतमज्जा. रक्तवाहिन्या आणि नसा याच गरात असतात. हा गर दाताच्या प्रत्येक मुळातून बारीक नळीने खाली उतरतो आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अशा छिद्रातून जबड्याच्या हाडात जातो. मुळातली ही नळी म्हणजेच रूट कॅनाल. म्हणजे रूट कॅनाल हे खरे तर उपचाराचे नाव नव्हे. ती वस्तू आपल्या प्रत्येक दातात जन्मापासूनच आहे.

आता कीड कशी आत शिरते ते पाहू. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात असंख्य जंतू असतात. आपण खाल्लेली साखर आणि पिठूळ पदार्थ त्यांनाही आवडतात. ते खाऊन ते आम्ल तयार करतात आणि ते आम्ल इनॅमलमधली खनिजे विरघळवते. इनॅमलला संवेदना नसल्यामुळे या टप्प्यावर काहीच कळत नाही. कीड डेंटिनपर्यंत पोचली, की थंड पाणी किंवा गोड पदार्थ लागला असता कळ येते आणि क्षणात जाते. ही कळ म्हणजे पहिली सूचना. याच वेळी गेलो तर कीड साफ करून सिमेंट भरणे पुरते. प्रकरण एका खेपेत, थोड्या पैशांत मिटते.

ही सूचना आपण बहुधा मनावर घेत नाही. फार तर त्या बाजूने चावायचे बंद करतो. कीड गरापर्यंत पोचते आणि गराला सूज येते. इथेच दात हा शरीराच्या इतर अवयवांपेक्षा वेगळा ठरतो. बोटाला जखम झाली, तर बोट सुजते. कातडी ताणली जाते, सुजेला जागा मिळते. दाताच्या गराला मात्र चारी बाजूंनी दगडी भिंती! आतला दाब वाढत जातो आणि कोंडलेल्या नसा ओरडू लागतात. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून रात्रीचा ठणका अधिक. गरम चहाने कळ उठते आणि ती बराच वेळ राहते. काही रुग्ण बर्फाच्या पाण्याचा घोट तोंडात धरून डॉक्टरांकडे येतात, कारण तेवढ्यानेच जरा बरे वाटते. चेहऱ्याच्या साऱ्या संवेदना एकाच मोठ्या नसेच्या फांद्यांतून जात असल्यामुळे कधी दुखते खालची दाढ आणि रुग्ण दाखवतो कान, किंवा वरची दाढ.

या दाबाखाली गराचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि गर मरतो. नसाही मरतात. मग दुखणार कोणाला? ठणका थांबतो तो असा. दुखणे बरे होऊन थांबलेले नसते, ते सांगणाराच उरलेला नसतो. आयुष्य बँकेत काढल्यामुळे मला इथे थकबाकीची उपमा सुचते. कर्जदाराला बँकेकडून पत्रांमागून पत्रे येत असतात आणि एक दिवस ती यायची थांबतात. कर्ज फिटले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात फक्त टपाल बंद झालेले असते, व्याज चालूच असते.

मेलेल्या गरात जंतूंना निवांत घर मिळते. तिथे रक्त पोचत नाही; म्हणून शरीराच्या पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि गोळ्यांतले औषधही पुरेसे पोचत नाही. जंतू आणि त्यांची विषे मुळाच्या टोकाच्या छिद्रातून हळूहळू हाडात उतरतात. तिथले हाड झिजते आणि एक्स-रेमध्ये मुळाशी काळसर गोल डाग दिसतो. हे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, बिनबोभाट चालते. कधी हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. ती उष्णतेची पुटकुळी म्हणून सोडून दिली जाते. वास्तविक ते आतल्या पुवाचे बाहेर पडायचे दार असते. हे दार बंद झाले किंवा शरीराची ताकद कमी पडली, की एका सकाळी गाल सुजलेला दिसतो.

किड्याची गोष्ट

'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो. ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत दाताच्या रोगांमध्ये 'कृमिदंतक' सांगितला आहे. दात काळा पडतो, त्याला भोक पडते, तो हलू लागतो आणि कारण नसताना जोराच्या वेदना होतात, हे त्यातले वर्णन आजही नेमके वाटते. बाबिलोनच्या एका मातीच्या विटेवर दातात राहायला गेलेल्या किड्याची कथा कोरलेली आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे पाडून' दाखवणारे लोक असत. इतर देशांत खुरासनी ओव्याच्या बिया जाळून हाच प्रयोग होई. उष्णतेने बी तडकते आणि तिच्यातला पांढरा कोंब बाहेर पडतो. तोच पाण्यात पडलेला किडा म्हणून रुग्णाला दाखवला जाई.

पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये आपल्या ग्रंथात दातातल्या किड्याची कल्पना नाकारली. गंमत अशी, की त्याआधीच, १६८३ मध्ये, हॉलंडमधल्या लेवेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने आपल्या दातांवरचा पांढरा थर स्वतः बनवलेल्या भिंगाखाली ठेवून त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिले होते आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्र लिहिले होते. पण या जिवांचा दातदुखीशी संबंध जोडायला दोन शतके जावी लागली. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनी १८९० मध्ये तोंडातल्या जंतूंवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आम्ल तयार करणारे जंतू दात कसे किडवतात हे मांडले.

शेवटचा निर्णायक पुरावा आला तो १९६५ मध्ये, अमेरिकेतून. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून आतला गर उघडा केला. काही उंदीर नेहमीचे, तर काही जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक पेटीत वाढवलेले. नेहमीच्या उंदरांच्या दाढांतला गर मेला आणि मुळाशी गळवे झाली. निर्जंतुक उंदरांच्या दाढांत अन्नाचे कण कोंबले जाऊनही गर जिवंत राहिला, एवढेच नव्हे तर त्यावर डेंटिनचा नवा पूल बांधला गेला. म्हणजे दाताचा शत्रू भोक हा नाही. त्या भोकातून शिरणारे जंतू हा आहे. रूट कॅनालची सारी शिस्त या एका निष्कर्षावर उभी आहे. जंतू बाहेर काढायचे आणि पुन्हा आत येऊ द्यायचे नाहीत.

खुर्चीत बसल्यावर

आता प्रत्यक्ष उपचार. डॉक्टर आधी दात थंड लावून, हलकेच ठोकून पाहतात. कोणता दात दोषी आहे हे ठरवणे हेच पहिले काम, कारण रुग्णाचे बोट नेहमी बरोबर दातावर पडतेच असे नाही. मग एक्स-रे. राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले १८९५ च्या नोव्हेंबरात आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, १८९६ च्या जानेवारीत, जर्मनीत दातांचे पहिले छायाचित्र निघाले. त्यापूर्वी हे सारे काम अंदाजाने चालत असे.

त्यानंतर भुलेचे इंजेक्शन. आज वापरले जाणारे लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले. त्याने दात आणि आजूबाजूचा भाग बधिर होतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी. सुजलेल्या भागात आम्लता वाढलेली असते आणि तिथे हे औषध कमी लागू पडते. मावशीला फार दुखले होते, याचे एक कारण हेही असू शकते, की मावशी ठणका असह्य होईपर्यंत थांबली होती. वेळेवर गेलेल्या माणसाला हा उपचार साध्या सिमेंट भरण्याहून फारसा वेगळा वाटत नाही. तोंड बराच वेळ उघडे ठेवावे लागते, हाच काय तो त्रास.

बधिरता आली की दाताभोवती रबराचा पातळ पडदा बसवतात. त्याला रबर डॅम म्हणतात. १८६४ मध्ये अमेरिकेत निघालेली ही युक्ती साधी असली तरी फार मोलाची आहे. लाळेतले जंतू दातात जात नाहीत आणि बारीक हत्यार हातातून निसटले तरी घशात जात नाही. आपले डॉक्टर तो वापरतात का, हे विचारण्यात काही गैर नाही.

मग दाढेच्या माथ्यावर छोटे दार उघडून आत जायचे. मेलेला किंवा सुजलेला गर काढायचा आणि प्रत्येक नळी टोकापर्यंत साफ करायची. त्यासाठी वापरायच्या सुईसारख्या कानशींना फाइल म्हणतात. अशी पहिली कानस १८३८ मध्ये एडविन मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून बनवली, असे सांगतात. आजच्या १५ नंबरच्या फाइलचे टोक ०.१५ मिलिमीटरचे असते. खालच्या पहिल्या दाढेत साधारणपणे तीन नळ्या, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चार, आणि त्यांतली चौथी इतकी लपलेली, की ती शोधण्यासाठी आता काही डॉक्टर सूक्ष्मदर्शक वापरतात. नळ्या सरळ नसतात, वळतात, फाटे फुटतात. एक नळी राहून गेली तर जंतूंना तेवढी जागा पुरते. उपचार कधीमधी फसतो त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

नुसत्या घासण्याने भागत नाही, म्हणून नळ्या औषधाने पुनःपुन्हा धुतात. हे औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कपडे पांढरे करायच्या ब्लीचमधले रसायन. गरज वाटली तर नळ्यांत औषध ठेवून दात तात्पुरता बंद करतात आणि पुढच्या खेपेला बोलावतात. पू फार असेल, तर हे थांबणे हिताचे असते. डॉक्टर उगाच खेपा वाढवतात, असा संशय दर वेळी घ्यायचे कारण नाही. साधे प्रकरण असेल तर एका बैठकीतही काम होते.

शेवटी रिकाम्या नळ्या भरायच्या. त्या भरतात गुट्टापर्चाने. मलायाकडच्या एका झाडाचा हा चीक. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने एडन-सुएझमार्गे विलायतेशी जोडली गेली, तेव्हा त्या तारेवर पाणी शिरू नये म्हणून याच गुट्टापर्चाचे वेष्टण होते. दंतवैद्यकात नळ्या भरायला तो १८६७ च्या सुमारास आला. समुद्राचे पाणी अडवणारा पदार्थ लाळ अडवायला योग्य वाटला, यात नवल नाही. तारा कधीच बदलल्या. आपल्या दाढांत मात्र गुट्टापर्चा अजून आहे.

भीतीचे हिशेब

या उपचाराविषयी ऐकू येणारी एक भीती अशी, की 'नस कापतात' आणि वरच्या दाताला हात लावला की नजर कमी होते. डोळ्याला दृष्टी देणारी नस वेगळी आणि दाताची नस वेगळी; एकीला हात लावल्याने दुसरी बिघडत नाही. वरचा दात काढला म्हणून किंवा त्याचे रूट कॅनाल केले म्हणून कोणाची नजर जात नाही. चाळिशीत चष्मा लागतो आणि दातही त्याच सुमारास कुरकुरू लागतात, एवढाच काय तो संबंध.

दुसरी भीती परदेशातून आलेली आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलमध्ये व्याख्यान देऊन तोंडातला दोष हे अनेक रोगांचे मूळ आहे असे सांगितले. पुढे वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्याने रूट कॅनाल केलेल्या दातांवर संधिवातापासून हृदयविकारापर्यंत सगळ्याचा दोष ठेवला. परिणाम असा झाला, की त्या काळात चांगले दातही भराभर उपटले गेले. रोग मात्र गेले नाहीत. प्राइस यांचे प्रयोग इतरांनी नीट काळजी घेऊन केले तेव्हा तसे निष्कर्ष आले नाहीत आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कल्पना मागे पडली. ती अधूनमधून डोके वर काढते. अशाच धर्तीच्या एका माहितीपटावर दंतवैद्यांनी आक्षेप घेतल्यानंतर २०१९ मध्ये तो नेटफ्लिक्सवरून काढला गेला. रूट कॅनालमुळे कर्करोग होतो असे सांगणारे संदेश आपल्याही मोबाइलवर फिरतात. त्याला शास्त्रीय आधार नाही. उलट जंतूंनी भरलेला दात उपचाराविना तोंडात ठेवणे हेच धोक्याचे.

तिसरी शंका व्यवहाराची, आणि ती योग्य आहे. एवढा खर्च करून दात टिकतो का? अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदींवरून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनाल केलेल्या १४ लाखांहून अधिक दातांचा हिशेब मांडला होता. आठ वर्षांनंतर त्यांतले ९७ टक्के दात तोंडात होते. जे काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप बसवलेली नव्हती. आकडे परदेशातले आहेत, पण शेजारच्या काकांची दाढ का तुटली असावी, याची दिशा ते दाखवतात. कीड आणि उपचार यांत दाढेचा बराच भाग गेलेला असतो. उरलेल्या भिंती सुपारी किंवा चण्याचा जोर सोसत नाहीत. दुखणे थांबले म्हणून पुष्कळ लोक कॅपसाठी परत जातच नाहीत. तात्पुरते सिमेंट झिजते, जंतू पुन्हा आत जातात किंवा दाढ उभी चिरते. आणि मुळापर्यंत उभी चिरलेली दाढ मग सहसा वाचत नाही. पुन्हा तोच घोटाळा: दुखणे थांबले म्हणजे काम संपले!

काढावी की वाचवावी?

'काढून टाका' हा सल्ला स्वस्त वाटतो. त्या दिवसापुरता तो असतोही. पण दाढ गेलेल्या जागेकडे शेजारचे दात कलू लागतात, समोरची दाढ त्या पोकळीत उतरते, चावण्याची घडी बिघडते. मग ब्रिज किंवा इम्प्लांट आले. त्यांचा खर्च बहुतेक वेळा रूट कॅनाल आणि कॅप यांच्या बेरजेपेक्षा जास्तच होतो. ब्रिजसाठी तर दोन्ही बाजूंचे, अनेकदा चांगले, दात घासावे लागतात.

अर्थात प्रत्येक दाढ वाचवावी असेही नाही. मूळ चिरले असेल, आधाराचे हाडच उरले नसेल, हिरडीच्या वर कॅप धरण्याइतका दात शिल्लक नसेल, तर काढणेच शहाणपणाचे. तिरप्या अक्कलदाढेवर पैसे घालण्यातही बहुधा अर्थ नसतो. म्हणून डॉक्टरांना सरळ प्रश्न विचारावेत. दाढ किती शिल्लक आहे? एक्स-रेमध्ये मुळाशी काय दिसते ते मला दाखवाल का? किती खेपा होतील? कॅप धरून एकूण खर्च किती? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. खर्च झेपत नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईत महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात, तसेच इतर दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी दरात होतात. विद्यार्थी उपचार करतात ते शिक्षकांच्या देखरेखीखाली. वेळ जास्त लागतो, एवढेच.

मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, हृदयाची झडप बदललेली असेल किंवा घरातली सून-लेक गरोदर असेल, तर ते आधीच सांगावे. कोणतीही नेहमीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

गोळ्यांचा डबा

आता त्या उरलेल्या गोळ्यांच्या डब्याकडे वळू. वेदनाशामक गोळी डॉक्टरांकडे पोचेपर्यंतचा आधार म्हणून ठीक. अँटिबायोटिकची गोष्ट निराळी. सुजलेला गर या गोळ्यांनी बरा होत नाही, आणि मेलेल्या गरात रक्त नसल्याने औषध तिथे पोचत नाही. म्हणूनच अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात नुसत्या दातदुखीसाठी बहुतेक वेळा अँटिबायोटिक देऊ नये असे म्हटले आहे. ताप असेल, सूज पसरत असेल, तर त्यांची गरज पडते. ती डॉक्टरांनी ठरवायची. औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणून गाल उतरवला, की मूळ दुखणे तसेच राहते आणि जंतू मात्र औषधाला सरावतात.

लवंगेत युजेनॉल असते आणि त्याने थोडा वेळ दुखणे दबते, हे आजीचे खरेच आहे. पण लवंगेचे तेल हिरडीवर ओतू नये. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी धरून ठेवू नये, तिने हिरडी भाजते. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नये, असे दंतवैद्य सांगतात.

एक सूचना मात्र ठळकपणे द्यायला हवी. सूज जबड्याखाली किंवा मानेकडे उतरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जावे. खालच्या दाढेचा पू जिभेखालच्या जागेत पसरला, तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन डॉक्टरांनी या प्रकाराचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एका दाढेपायी माणूस जाऊ शकतो, हे अतिशयोक्त वाटते. पण ते खरे आहे. आणखी एक: श्रम करताना खालच्या जबड्यात, विशेषतः डाव्या बाजूला, दुखू लागले आणि सोबत घाम, छातीवर दडपण असेल, तर ते दाढेचे नव्हे, हृदयाचे दुखणे असू शकते.

सहा वर्षांची दाढ

आतापर्यंत जिचा उल्लेख वारंवार आला, ती खालची पहिली दाढ. रूट कॅनाल करावे लागणाऱ्या दातांत ती फार वरचढ आहे. कारण तिच्या जन्मवेळेत आहे. ही दाढ मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. ती कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, तर शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, रिकाम्या हिरडीतून, गुपचूप वर येते. त्या वेळी घरात सगळ्यांचे लक्ष पुढच्या पडणाऱ्या दाताकडे असते. मागे आलेली ही पाहुणी दुधाचीच समजली जाते. 'पडणारच आहे' म्हणून तिच्या काळ्या ठिपक्याकडे कोणी बघत नाही. पण ती पडणार नसते. सत्तर-ऐंशी वर्षे चावायचे काम तिच्यावर सोपवलेले असते. तिच्या माथ्यावरच्या खोल खाचांत बिस्किटाचा लगदा आणि चॉकलेट अडकून राहते. दहाव्या-बाराव्या वर्षीच तिचे रूट कॅनाल करायची वेळ आलेली मुले दवाखान्यांत दिसतात.

दुधाच्या दातांनाही 'पडणारच आहेत' म्हणून सोडून चालत नाही. ते खाली येणाऱ्या पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात. त्यांच्या मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या नव्या दातालाही झळ लागू शकते.

रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दात घासणे, त्यानंतर दूध-साखर न घेणे, गोड खायचेच तर ते दिवसभर थोडे थोडे न चघळता जेवणाबरोबर खाऊन टाकणे, आणि दुखत नसतानाही वर्षातून एकदा दात दाखवणे, एवढी ही सारी खबरदारी. नव्या दाढेच्या खाचा पातळ लेपाने बंद करून घेण्याचीही सोय आहे. सीलंट म्हणून विचारावे.

आज रविवार आहे, घरातली सगळी मंडळी एकत्र आहेत. सहा-सात वर्षांचे मूल घरात असेल तर त्याला उजेडात बसवून, बॅटरी घेऊन, तोंड उघडायला सांगावे. खालच्या बाजूला मागून पहिला, मोठा, नवा करकरीत दात दिसेल. त्याच्या माथ्यावर काळी रेघ आहे का, तेवढे पाहावे. आणि मागे कधीतरी ठणकून आपोआप थांबलेली दाढ ज्यांच्या तोंडात आहे, त्या मोठ्या माणसांनी या आठवड्यात तिचा एक एक्स-रे काढून घ्यावा. रद्द केलेली वेळ पुन्हा मागून घेता येते.